माझी मान आणि मालूची यात्रा

वडगावात आमच्या गल्लीत कोण कुणाशी बोलत न्हाय. आमी वरडतो. भांडण म्हणून न्हवं हो, सवयच तशी. घराघरात साड्या विणायचे चार-चार माग, सकाळी सातला बटण दाबलं की खडाखड सुरू, ते रात्री जेवायच्या टायमापर्यंत. भात वाढू का, एवढं इचारायला बी मालूला वरडावं लागतंय. बाहेरची मानसं म्हणत्यात, यमनाप्पा बघावं तवा तापलेला. आता तापट मी हायच, त्यात काय खोटं न्हाय. पण आवाजाचा दोष मागाचा हाय, माझा न्हवं, एवढं आधीच सांगून ठेवतो.

मालू म्हंजे मालुबाई, माझी बायको. तिचं माहेर खानापूर तालुक्यात, नंदगडच्या वाटंवर. त्या गावात लक्ष्मीची यात्रा भरती ती बावीस वर्षांनी एकदा. बावीस! मालूनं यात्रा बघितली ती एकदाच, परकरात असताना, चौदा वर्षांची. त्याच्या पुढची आली तवा यात्रेच्या आदल्या दिवशी माझा बा गेला. सुतक लागलं. बांधलेली पिशवी तिनं सोडली, साड्या परत ट्रंकेत घातल्या आणि बाराव्याच्या तयारीला लागली. तिकडं देवी नाचालती आणि हिकडं ही आमच्या पाहुण्यांच्या पंगती वाढालती. तोंडातनं एक शब्द काढला न्हाय बाईनं. मला ते अजून डाचतंय.

आता ती अठ्ठावन्नची हाय. पुढची यात्रा येईल तवा ऐंशीची. म्हंजे तिच्यासाठी यात्रा हीच, ह्यावर्षीची. सहा महिने घरात दुसरा विषय न्हवता.

त्यात ते वार. यात्रेच्या आधी पाच आठवडे त्या गावात मंगळवार आणि शुक्रवार पाळत्यात. त्या दिवशी शेतात जायचं न्हाय, दळायचं न्हाय, शीव ओलांडायची न्हाय. आता हे वार त्या गावचे, वडगावचे न्हवंत. पण मालूचं म्हणणं, माहेरवाशीण कुठंबी असली तरी तिला वार लागत्यात. म्हणून आठवड्यातले दोन दिवस आमचे चारी माग बंद! मी घर डोक्यावर घेतलं. ती शांतपणे म्हणली, "देवीला सांगू व्हय, जावई वार मोडालाय म्हणून?" झालं. बंद केले माग. जावयाला देवीशी भांडून कसं चालंल?

आता माझ्या मानेचं सांगतो. गेल्या वर्षी संक्रांतीनंतरची गोष्ट. तुटलेल्या धाग्याला गाठ मारालतो, तर उजवा हात ऐकंना. बोटं हायत, पण माझी न्हवंत असं. मालूला हाक मारावी तर जीभ जड, शब्द बाहेर येईना. दहा मिनिटांत सगळं परत जागच्या जागी. मी म्हटलं पित्त झालं असंल. मालूनं ऐकलं न्हाय, मला रिक्षात कोंबलं आणि दवाखान्यात नेलं. तिनं नेलं म्हणून आज मी बोलतोय. डाव्या मानेतली नस, मेंदूला रक्त नेणारी, आतनं चिंचोळी झालती. जांघेतनं तार सरकवून तिथं बारीक जाळीची नळी बसवली. स्टेंट म्हणत्यात त्याला. कमीजास्त होऊन पंधरा दिवस आमी दवाखान्यातच हुतो.

आमच्या डॉक्टर माधवी. वयानं माझ्या लेकीएवढ्या, पण धाक सासूचा. त्यांनी तवाच बजावलतं, "अण्णा, जाळी बसवली म्हणून सुटलात असं समजू नका. कधीकधी जाळीच्या आत नवीन मांस वाढतं आणि नस परत चिंचोळी होते. दुखत नाही, कळत नाही. म्हणून वर्षाला मानेची सोनोग्राफी करायचीच." जाळी बसवल्यावर महिन्यानं एक सोनोग्राफी झालती. तो रिपोर्ट मालूनं ट्रंकेत, तिच्या लग्नातल्या शालूखाली ठेवलता.

वर्षाची तपासणी नेमकी यात्रेच्या तोंडावर आली. मी म्हटलं शुक्रवारी जाऊन येतो, नाहीतरी माग बंदच हायत. मालू वारामुळं घर सोडणार न्हाय, म्हणून मी एकटाच निघालो. तिनं जुन्या रिपोर्टाची फाईल माझ्या हातात दिली. मी ती मागावर ठेवली आणि तसाच बाहेर पडलो. नव्या रिपोर्टाला जुना कशाला? मी काय पत्रिका जुळवायला चाललोय व्हय? हीच ती माझी अक्कल.

खडेबाजारच्या मागं एक सोनोग्राफीचं सेंटर हाय. तिथल्या माणसानं "बर्री अण्णा, मलकोळ्ळ्री", या अण्णा, झोपा, असं कानडीत म्हणून मला आडवं केलं. एक तरणा डॉक्टर आला, मानेला गारगार जेल फासलं आणि मशीनचा गोटा फिरवाय लागला. आणि मग आवाज सुरू झाला. माझ्याच रक्ताचा आवाज! उजवीकडं कसं, सूं... सूं... सूं... एका लयीत. मला बरं वाटलं. मग गोटा डावीकडं आला. तिथं आवाज उंच, घाईचा, पळत सुटलेला.

आता बघा, चाळीस वर्षं मी मागाच्या आवाजावर जगलोय. कुठला माग नीट चालतोय आणि कुठला आता धागा तोडणार, हे मी पाठ फिरवून सांगतो. उजवीकडचा माग माझा बरोबर हुता. डावीकडचा पळालता. आणि माग काय उगंच पळत न्हाय.

डॉक्टर म्हणाला, "स्टेंटमधला वेग जास्त दिसतोय. जुना रिपोर्ट आणलाय का? त्याच्याशी ताडून बघायला पाहिजे. तुमच्या डॉक्टरांना दोन्ही दाखवा." तो पुढं आणखी काय काय बोलला, पण माझे कान बंद झालते. रिपोर्ट हातात आला. इंग्रजी मला जेमतेम येतंय, आकडे मात्र चांगले येत्यात. पन्नास ते एकोणसत्तर टक्के चिंचोळी, असं लिहिलेलं. पन्नास मी सोडूनच दिलं. माझ्या डोक्यात एकोणसत्तरच बसलं.

बाहेर आलो तर खिशात मालूची यादी. ओटीचं सामान आणायला सांगितलतं: खण, नारळ, खारका, हळकुंडं, दोन डझन हिरव्या बांगड्या. एका खिशात ती यादी आणि दुसऱ्या खिशात तो रिपोर्ट. बांगडीवाला इचारतोय, "अण्णा, माप काय?" आणि मी म्हणतोय, "एकोणसत्तर." तो माझ्याकडं बघतच राहिला. तिथंच उभा राहून मी हिशेब लावला. मालूला हे कळलं तर ती मला आजच्या आज दवाखान्यात घालणार. परत तारा, परत जाळी, परत पंधरा दिवस. यात्रा नऊ दिवसांची. गेली म्हंजे गेलीच. गेल्या टायमाला माझ्या बानं तिची यात्रा खाल्ली, आता मी खाणार? अजिबात न्हाय. पंधरा दिवस थांबंल की ती नस. एवढी चौसष्ट वर्षं थांबली, तर पंधरा दिवस काय जड हाय?

घरी आलो. मालू उंबऱ्यातच. "काय म्हणाले?"

"एक नंबर!" मी वरडलो. "नवीन नळावानी नस हाय म्हणाले. कचरा न्हाय, काय न्हाय."

तिनं दोन्ही हातांनी माझ्या तोंडावरनं हात फिरवला आणि बोटं कडाकडा मोडली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रिपोर्ट मी तेलाच्या डब्यामागं दडवून ठेवला.

पुढचे तीन दिवस मी मान ताठ धरून फिरालतो. वळायचं झालं की सगळा माणूस वळायचा. शिंक आली तरी भ्यायचो. मालू म्हणली, "मान अवघडली व्हय?" मी म्हटलं, "उशी बदलली न्हवं का तू." उशी बिचारी तीच हुती.

मंगळवार आला. शेवटचा वार. गुरुवारी देवी बाहेर पडणार, आमी गुरुवारी पहाटे निघणार. पण माझ्या जिवाला चैन पडंना. म्हटलं, डॉक्टरला गुपचूप इचारून घ्यावं, यात्रा होईपर्यंत चालतंय का न्हाय. मालू परसात भांडी घासालती. मी मागाच्या खोलीत गेलो, दार लावलं, चौथ्या मागाच्या मागं बसलो आणि फोन लावला.

"डॉक्टर! मी यमनाप्पा! वडगाव! ती माझी नस परत बुजालीय! एकोणसत्तर टक्के! व्हय! व्हय! ... न्हाय, उद्या न्हाय जमणार! बायकोची यात्रा हाय माहेरची! बावीस वर्षांनी! ... तसं न्हवं डॉक्टर, मला काय झालं तर होऊ दे, पण यात्रा झाल्यावर होऊ दे! एवढे दहा-बारा दिवस ढकला की काहीतरी गोळी देऊन! आणि हे बघा, मालूला ह्यातलं काय सांगू नका! कळलं तर ती यात्रा सोडंल! तिला काय म्हंजे काय कळता कामा नये!"

फोन ठेवला. खोलीत एकदम गप्प. आणि तवा माझ्या टाळक्यात उजेड पडला.

माग बंद हुते.

चाळीस वर्षांत ह्या खोलीत मी हळू आवाजात कधी बोललोच न्हवतो. बोलायचं कसं असतंय तेच मला म्हाईत न्हाय. आणि आज सगळ्या गल्लीत पान हललं तरी ऐकू यावं अशी शांतता. कारण आमचा वार बघून शेजारच्यांनी बी, देवीचं हाय म्हणून, माग बंद ठेवलते.

भिंतीपलीकडनं बायाक्काचा आवाज आला. "यमनाप्पा, कुठल्या दवाखान्यात जायचं रं? माझ्या भावाची गाडी सांगू व्हय?"

समोरच्या माडीवरनं भरमू म्हणला, "आण्णा, एकोणसत्तर म्हंजे लई झालं की! मालूआक्काला सांगून टाक!"

सांगायचं काय कपाळ? दार उघडलं तर मालू समोर उभी. हाताला राख, हातात अर्धवट घासलेला तांब्या. मी वाट बघालतो, आता तांब्या येतोय. आला न्हाय. ती आत गेली, हात धुतले, फोन घेऊन माडीवर गेली. खाली आली, मागावरची तेलकट फाईल उचलून पिशवीत घातली आणि म्हणली, "उद्या धा वाजता डॉक्टरकडं जायचं. नवा रिपोर्ट काढा, कुठं दडवलाय तो." बास. त्यानंतर दिवसभर एक अक्षर न्हाय. मालू भांडली तर मला कळतंय काय करायचं. गप्प बसली की मला काय करावं तेच सुचत न्हाय.

बुधवारी दवाखान्यात पोचलो. डॉक्टर माधवींनी आधी मला चांगलं दहा मिनिटं झापलं, लपवल्याबद्दल. मालू खुर्चीत ताठ बसून ऐकालती, मधनंमधनं मान हलवालती. मग डॉक्टरनी दोन्ही रिपोर्ट शेजारीशेजारी ठेवले. चष्मा वर सारला. परत वाचलं. आणि हसाय लागल्या!

मी म्हटलं, "हसालाय काय डॉक्टर? माणूस मरालाय हितं!"

"अण्णा, तुम्ही जुना रिपोर्ट तिथं का नाही नेला?"

मालू म्हणली, "दिलता मी. मागावर ठेवून गेले."

डॉक्टरनी मला परत आडवं केलं आणि स्वतः गोटा घेतला. मालूला पडद्याजवळ बोलावलं. "मावशी, हे बघा. ह्या दोन चमकणाऱ्या रेघा म्हणजे जाळी. मधला काळा रस्ता दिसतोय? स्वच्छ आहे. मांस वाढलं असतं तर इथं करडं भरलेलं दिसलं असतं." मग रंग सुरू केला. रस्ता ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत लालभडक भरून वाहालता.

"मग तो पळालेला आवाज?" मी पडल्यापडल्या वरडलो. "मी ह्या कानांनी ऐकलाय! डावीकडचं रक्त पळालंय!"

"पळतंयच. जाळी बसवल्यापासून पळतंय. तुमची उजवी नस मऊ आहे, रक्ताचा ठोका आला की फुगते, वाट देते. जाळीवाली नस कडक असते. ती फुगत नाही, म्हणून रक्त जरा जोरात जातं. आणि वेगावरनं टक्के काढायचा जो नेहमीचा तक्ता आहे, तो जाळी नसलेल्या नसांचा. त्या मापानं जाळीवाल्या नसेला मोजलं की टक्के उगाच फुगतात. म्हणून आम्ही ज्याची नस त्याच्याच जुन्या आकड्याशी ताडून बघतो. जाळी बसवल्यावर महिन्यानं तुमचा वेगाचा आकडा होता एकशे अठ्ठावन्न. आता आहे एकशे पासष्ट. दुप्पट झाला असता तर मीच तुम्हाला आज घरी सोडलं नसतं. हे काहीच नाही."

मला एकदम समजलं. बिनखळीचं सूत आणि खळ लावलेलं सूत. एक ताणलं की येतंय, दुसरं तटून बसतंय. दोघांचा आवाज एक कसा असंल? आणि मी शहाणा दोन वेगळ्या सुतांचे माग एका कानानं तपासालतो! मला हसावं का स्वतःच्या थोबाडीत मारावं कळंना. मी दोन्ही केलं.

"म्हंजे यात्रेला जाऊ?"

"जा. गोळ्या चुकवू नका, ऊन डोक्यावर घेऊ नका, पाणी पीत राहा. आणि पुढच्या वर्षी परत सोनोग्राफी, जुने सगळे रिपोर्ट घेऊन."

"नाचू?"

"नाचा हो अण्णा, पण फोनवर असं ओरडू नका. माझा कान अजून दुखतोय."

मालू पडद्याकडंच बघालती. तो लाल रस्ता तिनं बोटानं हळूच शिवला, आणि मग पदर तोंडाला लावून अशी रडली, अशी रडली, की बाहेरची नर्स पळत आली. आणि रडता रडता माझ्या दंडावर एक सणसणीत चापट. "खोटारडा मेला! नवीन नळावानी म्हणं!" माझा जीव भांड्यात पडला. मालू बोलाय लागली म्हंजे सगळं ठीक हाय.

गुरुवारी पहाटे निघालो. पिरनवाडी मागं पडली तशी मालू खिडकीतनं गाणंच म्हणाय लागली, बसमधल्या बायकांनी धरलं, कंडक्टर कानडी, तो बी टाळ्या वाजवालता. गावात पोचलो तर पाय ठेवायला जागा न्हाय. प्रत्येक दाराला रंग, प्रत्येक अंगणात मांडव, चुलीवर हंडे. मालूचा धाकटा भाऊ मारुतीराव पळत आला, आक्काच्या पाया पडला आणि पाया पडूनच बसला. उठंनाच गडी.

दुपारी देवी बाहेर पडली. हलगी कडाडली, पोरांनी देवीला खांद्यावरनं वर उडवली, झेलली, परत उडवली. आकाशातनं भंडारा पडालता, सगळं गाव पिवळं. माझी मालू, गुडघ्याला पट्टा बांधलेली माझी मालू, पदर खोचून त्या गर्दीत शिरली आणि उड्या माराय लागली. कुठला गुडघा आणि कुठलं काय! मी बी शिरलो. मान हलवली, ह्या बाजूला हलवली, त्या बाजूला हलवली, मनसोक्त. चार दिवसांची कसर काढली.

दुसऱ्या दिवशी देवी गदगेवर, म्हंजे तिच्या चौथऱ्यावर बसली, आणि ओटी भरायला बायकांची रांग लागली, देवळापासून पार तळ्यापर्यंत. मालू रांगेत, हातात ताट, अंगावर मी विणलेली हिरवी साडी. मी शेजारी पाण्याची बाटली धरून. तेवढ्यात मारुतीराव पोळ्यांचा डबा घेऊन आला आणि मला बाजूला ओढून म्हणला,

"दाजी, खरं सांगू? तुमी याल असं मला वाटलंच न्हवतं. मंगळवारी आक्काचा फोन आलता. म्हणली, मी येत न्हाय यात्रेला. माझी ओटी तुझ्या बायकोकडनं भर, आणि माझी वाट बघू नगंस. मी लई समजावलं, आक्का, रिपोर्ट काय येतोय तरी बघ. तर म्हणली, काय बी येऊ दे, मी ह्यांना सोडून हलणार न्हाय. आवाजात एवढंसं सुद्धा दुःख न्हवतं हो. बाजारातनं भाजी आणू नगंस म्हणल्यासारखं."

मंगळवारी. म्हंजे राखेचे हात धुऊन ती फोन घेऊन माडीवर गेलती ते ह्यासाठी. मी चार दिवस तिची यात्रा वाचवायला जिवाचा आटापिटा केला, आणि हिनं ती पाच मिनिटांत, जिना चढता चढता सोडून दिली.

मी रांगेत परत गेलो. तिच्या शेजारी उभा राहिलो. म्हटलं, "मालू, चव्वेचाळीस वर्षं थांबलीस गं ह्याच्यासाठी. एकदा मला इचारायचं तरी."

तिनं ताटातला नारळ सरळ केला. माझ्याकडं बघितलं बी न्हाय.

"इचारायचं काय त्यात?" ती म्हणली. "देवी बावीस वर्षांनी परत येती. तुमी आला असता व्हय?"

मी, वडगावचा यमनाप्पा, ज्याच्या आवाजाला चार गल्ल्या भित्यात, त्या हजार बायकांच्या मधी उभा राहून लहान पोरासारखा रडलो. मागची एक म्हातारी म्हणली, काय झालं गं ह्यांना? मालू म्हणली, काय न्हाय, देवीच्या दारात आनंद झालाय. आणि माझ्या हातातली बाटली काढून घेऊन तिनं ताटाची एक बाजू माझ्या हातात दिली.

"धरा नीट. दोघं मिळून भरू. आणि सरका पुढं, आपला नंबर आलाय."